साहेबांचा धूमकेतू

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत जनरल मॅनेजर शंतनु दाबके स्वतः पायी चालत इन्स्पेक्शनच्या खोलीत आला, तेव्हा हणमंतराव निपाणीकरांच्या तोंडात भाकरीचा घास होता. तो गिळावा की तोंडात तसाच ठेवून उभं राहावं, हे त्यांना ठरवता येईना. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पंपाच्या कारखान्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, पण मॅनेजर आपणहून इन्स्पेक्शनमध्ये आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यातून सध्याचे दिवस असे, की कोणीही आलं तरी नोकरी गेलीच असं वाटावं. मोजमाप करणारं कॉम्प्युटरवालं यंत्र जपानहून निघालं होतं. ते आलं की इन्स्पेक्शनच्या पाच माणसांपैकी दोघंच उरणार आणि बाकीच्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळणार. स्वेच्छा नेमकी कोणाची, हे कोणी सांगत नव्हतं. यादी मात्र शंतनु दाबके बनवत होता.

"बसा, बसा, जेवा तुम्ही," शंतनु म्हणाला. वय छत्तीस, पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं. "निपाणीकर, मी ऐकलं, तुम्ही स्टारगेझिंग करता म्हणे? टेरेसवर वगैरे?"

कोणीतरी चुगली केली, हणमंतरावांना वाटलं. त्यांनी घास गिळला. "स्वल्प बघतोय सर. ड्यूटी संपल्यावरच."

"अहो, मग ग्रेटच की! मी सिंगापूरहून टेलिस्कोप आणलाय. एकदम प्रोफेशनल. पण खरं सांगू? तीन महिने झाले, काळ्या काळोखाशिवाय काही दिसलं नाही त्यातून. उद्या माझ्याकडे पार्टी आहे. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधीचं गेट-टुगेदर. चेअरमन येतायत. पेपरात रोज त्या धूमकेतूचा फोटो येतोय ना, तो त्यांना दाखवायचाय. तुमच्याकडे बऱ्याच अ‍ॅक्सेसरीज आहेत असं कळलं."

"अ‍ॅक्सेसरीज म्हंजे... असंच घरात काय काय करून ठेवलंय, सर."

"तेच घेऊन या. मशीन माझं, अ‍ॅक्सेसरीज तुमच्या!" दारात थांबून शंतनु पुढे म्हणाला, "आणि यादीचं टेन्शन घेऊ नका. त्याचं आपण नंतर बोलू." हणमंतरावांनी उरलेली भाकरी डब्यात परत ठेवली.

खरं तर त्यांच्याकडे दुर्बीण नव्हतीच. रविवारच्या बाजारातून आणलेली एक जुनी बायनॉक्युलर होती, तिचं डावं नळकांडं आंधळं होतं. पण बाकीचा सरंजाम असा होता, की दुर्बीणवाल्यानं हेवा करावा. आकाश बघायला पैसा लागत नाही, मान लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. मान दुखली की माणूस खाली बघतो. म्हणून त्यांनी शिवलीलाबाईंच्या माहेरच्या आरामखुर्चीचे मागचे पाय चार बोटं कापले होते. तीत बसलं की माणूस आपोआप आभाळाकडे तोंड करून पडे. टॉर्चच्या काचेवर गणपतीच्या आराशीतला लाल जिलेटिनचा कागद बांधलेला होता. डोळे वीस मिनिटांत अंधार शिकतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका तिरिपेनं ते सगळं विसरतात, लाल उजेडानं विसरत नाहीत. एक डोळा मिटून धरायचा त्रास नको म्हणून छत्रीच्या काळ्या कापडाची नाडीवाली पट्टी होती. पुठ्ठ्याची ताऱ्यांची चकती होती, दंव पडू नये म्हणून काचेभोवती लावायची काळ्या कागदाची गळपट्टी होती, कानटोपी, डासांचं मलम आणि कषायाचा थर्मास होता. सुंठ, मिरी, जिऱ्याचा तो कडक काढा प्यायला की दोन तास बैठक मोडत नसे. हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत व्यवस्थित भरलेलं असे. अकरा वर्षांत ती ट्रंक बघायला मत्तिकेऱ्यातल्या त्यांच्या गच्चीवर कोणी आलं नव्हतं. त्यामुळे भीतीच्या जोडीला त्यांना थोडं बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"यादीत नाव हाय का न्हाई, इचारलासा?" शिवलीलाबाईंनी रात्री विचारलं.

"असं तोंडावर कसं विचारायचं?"

"मग जावा उद्या. आणि साहेब म्हणतील त्याला हो म्हणा. तिथं जाऊन मायक्रोमीटर काढू नका." बाईंनी नवऱ्याला नीट ओळखलं होतं. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून त्यांनी आजवर किती जणांशी वैर घेतलं, याचा हिशेब कारखान्यात कोणी ठेवला नव्हता, तो बाईंनी ठेवला होता. सकाळी त्यांनी ट्रंकेवर एक बरणी आणून ठेवली. "रिकाम्या हातानं जाऊ नये. लाल मिरचीचा रंजका हाय, औंदाचा. लई जाळ झालाय, सांगा त्यांना."

हे शेवटचं वाक्य सांगायचं राहून गेलं.

शनिवारी चार वाजता कारखान्याची मॅटॅडोर दारात आली. ड्रायव्हर देवाप्पा चिकोडीकडचा, हणमंतरावांच्याच वयाचा, अठरा वर्षं तीच गाडी हाकणारा. खुर्ची, ट्रंक आणि बरणी त्यानं मागे चढवली आणि निम्मं शहर ओलांडून दोघं सर्जापूर रोडला लागले. तिथं अजून शेतं होती, पण शेतांत बांबू उभे राहिले होते. एका बाजूला निलगिरीची बाग, समोर अपार्टमेंटचं अर्धवट बांधकाम, आणि मधे शंतनुचा नवा कोरा बंगला.

"काका, चपला खालीच काढा हं, टेरेसला नवीन टाइल्स आहेत," शंतनुची बायको श्वेता म्हणाली. रंजक्याची बरणी तिनं हसतमुखानं घेतली. "वॉव, होममेड! काउंटरवरच ठेवते."

टेरेसवर येऊन हणमंतराव थबकले. चार कोपऱ्यांत चार हॅलोजन लावलेले होते. डोसेवाला तवा तापवत होता. दुर्बीण खाली दिवाणखान्यात शोकेसशेजारी उभी होती, आणि ती इतकी नवी होती की तिच्या एका टोकाचं झाकण तीन महिन्यांत कोणी काढलंच नव्हतं. काळ्या काळोखाचं कारण हणमंतरावांना जिना चढायच्या आधीच कळलं होतं. पण साहेबांना हे कसं सांगायचं? त्यांनी झाकण काढून गुपचूप खिशात टाकलं होतं आणि देवाप्पाच्या मदतीनं दुर्बीण वर आणली होती.

"सर, ते दिवे तेवढे बंद करायला लागतील."

"अंधारात पार्टी?" श्वेता म्हणाली.

"थीम आहे, श्वेता! अंडर द स्टार्स," शंतनुनं तिची समजूत घातली आणि सातच्या ठोक्याला हॅलोजन विझले.

डोसेवाला ओरडला, "तवा दिसत नाही सार! डोसा करपेल!" त्याचंही खरं होतं. हणमंतरावांनी ट्रंकेतून लाल टॉर्च काढला आणि काउंटरवरच्या खिळ्याला टांगला. टेरेसवर एक मंद, सुरेख लाली पसरली. पाहुणे वा वा म्हणाले. श्वेतानं एकसारख्या स्टीलच्या वाट्यांत चटण्या काढून मांडल्या होत्या. हणमंतरावांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपलं बस्तान बसतंय.

सव्वासातला चेअरमन शिवाप्पा अंगडी आले. वय चौऱ्याहत्तर, काठी, पांढरं धोतर. हुबळीचा माणूस, शिक्षण बेळगावात, त्यामुळे मराठी उत्तम. त्यांना मानानं आरामखुर्चीत बसवलं. ते बसले आणि थेट आडवे झाले.

"अरे, हे काय? बाळंतिणीसारखं निजवलात की मला!"

"मानेला आराम पडतो सर," हणमंतराव म्हणाले. चेअरमननी वर पाहिलं आणि ते म्हणाले, "सरी. चांगलं आहे." कोणीतरी त्यांच्या छातीवर डोशाची प्लेट आणून ठेवली.

हणमंतराव दुर्बिणीला भिडले. वायव्येला, निलगिरीच्या शेंड्यांच्या हातभर वर, धूमकेतू नुसत्या डोळ्यांनीच दिसत होता. त्यांनी त्यावर नळी धरली, हळूच फिरवली, आणि एकदम तो आत आला. पेटलेलं डोकं, त्यामागे पसरलेली पांढरी झुलपं. अकरा वर्षं आंधळ्या बायनॉक्युलरनं बघितलेलं आभाळ आज पहिल्यांदा त्यांच्याकडे बघत होतं. दहा सेकंदं, फार तर पंधरा.

"सर, या! लागला!"

पण लाल उजेडात लाल आणि पांढरं सारखंच दिसतं, ही गोष्ट हणमंतरावांना चांगली ठाऊक होती. ती चटण्यांना लागू होते, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चेअरमननी खोबऱ्याची चटणी समजून शेजारच्या वाटीतला रंजका डोशाच्या घडीत भरून अर्धा डोसा तोंडात टाकला होता.

"अय्यय्यप्पा! सत्ते! मेलो!"

त्यांना उठायचं होतं, पण खुर्ची सोडेना. पाय हवेत, धोतर गुडघ्यांवर. "पाणी! पाणी द्या!" शंतनु किंचाळला. अंधारात हणमंतरावांच्या हाताला जे आलं ते त्यांनी उघडून दिलं, आणि चेअरमननी ते घटाघटा प्यायल्यावर त्यांना आठवलं की थर्मासमध्ये पाणी नव्हतं. सुंठ आणि मिरी होती, आणि ती गरम होती. दुसरी आरोळी पहिलीहून मोठी झाली. श्वेतानं धावत जाऊन चारही हॅलोजन एकदम लावले. धावताना कोणाचा तरी पाय दुर्बिणीच्या तिकाटण्याला लागला, आणि त्या प्रोफेशनल यंत्रानं मान खाली घातली.

दही, साखर आणि पंख्याचा वारा मिळून चेअरमन शुद्धीवर आले तेव्हा आठ वाजत आले होते. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हॅलोजनचे हिरवे ठिपके नाचत होते, आणि धूमकेतू निलगिरीच्या आड उतरला होता.

"दिवे बंद करा," चेअरमन म्हणाले. त्यांचे डोळे अजून वाहत होते. "एवढं सोसलंय ते बघितल्याशिवाय जायला नव्हे. आणा ती ट्रंकेतली डोळ्याची पट्टी."

छत्रीच्या कापडाची पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं उजव्या डोळ्यावर बांधली. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता आणि ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, हे तिथं त्यांच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. दोघांनी धरून त्यांना दुर्बिणीशी नेलं.

"थांबा सर, अजून लावली न्हाई मी..." हणमंतराव म्हणाले.

"कंडे! कंडे!" चेअरमन ओरडले. "सापडला! अरे, काय शेपूट आहे! पिवळा धमक!"

टेरेसवर टाळ्या कडाडल्या. मग शंतनुनं डोळा लावला. तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला. उभा राहून म्हणाला, "फँटॅस्टिक, सर." श्वेतानं पाहिलं, "सो ब्राइट!" म्हणाली. तिच्यामागून पाहुणे रांगेनं पाहून गेले. साहेबांना दिसलेलं आपल्याला दिसलं नाही असं म्हणणारा त्यांत एकही निघाला नाही.

सगळ्यात शेवटी हणमंतराव वाकले. समोरच्या बांधकामावरचं पत्र्याचं शेड आणि बांबूला लटकलेला बल्ब. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळे शेड वर होतं आणि बल्ब खाली. बल्बभोवती किडे फिरत होते.

"काय निपाणीकर," चेअरमन डोळे पुसत म्हणाले, "हाच नव्हे का?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. बावीस वर्षांत असा प्रश्न त्यांना रोज कोणी ना कोणी विचारला होता, आणि उत्तर मायक्रोमीटरवर जे लिहिलं असेल तेच त्यांनी दिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात खुर्ची उचलायला वर आलेल्या देवाप्पानं सहज, कुतूहलानं दुर्बिणीला डोळा लावला.

"अण्णा, ह्ये समोरच्या शेडातलं बल्ब हाय की!" तो मोठ्यानं म्हणाला. "किडं फिरायलेत बघा."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. चेअरमनचा चेहरा उतरला, आधी लहान मुलासारखा आणि मग मालकासारखा. शंतनुनं हणमंतरावांकडे पाहिलं.

"त्याला काय कळतंय, सर," हणमंतराव म्हणाले. आवाज त्यांचाच होता. "ड्रायव्हर हाय तो. हाच धूमकेतू. आणि ते किडं नव्हेत, धूळ आहे. शेपटीतली."

"किती लांब असेल?"

"एकवीस कोटी किलोमीटर, सर."

चेअरमन पुन्हा डोळा लावायला वाकले, आणि त्याच क्षणी समोरच्या वॉचमननं बल्ब मालवला.

"अरे! गेला?"

"मावळला, सर."

"असा एकदम?"

"धूमकेतू असाच जातोय सर. आला की आला, गेला की गेला."

चेअरमननी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं हणमंतरावांच्या खिशातलं झाकण खाली पडून टाइल्सवर गोल गोल फिरत गेलं, आणि सगळे हसले. परत आल्यावर देवाप्पानं खुर्ची आणि ट्रंक दारात उतरवून ठेवली आणि गाडी वळवली. शिवलीलाबाई दारात उभ्याच होत्या. "हो म्हणालासा न्हवं?" त्यांनी विचारलं. "म्हणालो," हणमंतराव म्हणाले आणि जेवायला बसले.

सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर यादी लागली. हणमंतरावांचं नाव तीत नव्हतं. इन्स्पेक्शनमधले तिघं होते. आणि कारखान्याची वाहतूक आता कंत्राटावर देणार म्हणून खाली आणखी एक ओळ होती : देवाप्पा भी. मगदूम, ड्रायव्हर.

दुपारी शंतनुनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तेलकट ट्रेमध्ये पंपाचे शाफ्ट होते.

"असे तीनशे आहेत, निपाणीकर. शनिवारी दुसऱ्या शिफ्टनं अडवलेत. उद्या उगादीची सुट्टी, त्यामुळे माल आज रात्रीच निघायला हवा. जरा बघता?"

हणमंतरावांनी खिशातला मायक्रोमीटर काढून एक शाफ्ट मोजला. दुसरा मोजला. "सर, हे तीन सेंटी जास्त आहेत. म्हंजे मिलिमीटरच्या शंभरातले तीन भाग. बसायचे न्हाईत."

"शनिवारी बसलं होतं की," शंतनु म्हणाला.

हणमंतरावांच्या हातातला शाफ्ट तसाच राहिला. "म्हणजे सर, तुम्हाला..."

"अहो, मी तिथं राहतो. तो बल्ब रोज रात्री माझ्या बेडरूममध्ये येतो. श्वेतानं त्याच्यासाठी वेगळे पडदे शिवलेत." तो हसला, अगदी मोकळेपणानं. "खरं सांगू? यादीत पहिलं नाव तुमचंच होतं. मला वाटायचं, हा माणूस फार ताठ आहे. बघत नाही, ऐकत नाही. पण शनिवारी तुम्ही त्या ड्रायव्हरला ज्या पद्धतीनं गप्प केलंत ना, मी म्हटलं, नाही, निपाणीकर समजूतदार आहेत. नव्या यंत्रावर मला असाच माणूस हवाय. एक्स्पीरियन्स आहे, आणि फ्लेक्सिबल."

हणमंतरावांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी विचारलं, "शिक्का हिरवाच मारायचा ना, सर?"

"हिरवाच."

तीनशे शाफ्टना सात वाजले. मायक्रोमीटरची गरज पडली नाही, तरी सवयीनं तो त्यांच्या डाव्या हातात होता. हात धुऊन ते बाहेर पडले तेव्हा गेटशेजारच्या कट्ट्यावर देवाप्पा बसला होता. मॅटॅडोरची किल्ली ऑफिसात जमा करून झाली होती, तरी बोटं सारखी खिशात जाऊन चाचपत होती.

"अण्णा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच हणमंतरावांना तो सोसेना. "त्यो खरा कुठं दिसतोय? दावा की. आता येळच येळ हाय मला."

हणमंतरावांजवळ या वेळी ना खुर्ची होती ना टॉर्च. त्यांनी नुसता हात वर करून वायव्येकडे बोट दाखवलं. फाउंड्रीच्या पत्र्यांच्या वर, अजून निळसर असलेल्या आभाळात, तो स्वच्छ दिसत होता. रस्त्यावर दिवे असूनही दिसत होता. देवाप्पानं कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो?"

"ह्यो."

"ह्यो बी बल्ब न्हाई न्हवं?"

"न्हाई रे. हाच खरा."

देवाप्पानं आभाळावरून नजर काढून क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो गेटाकडे वळला आणि वॉचमनला हाक मारली, "ओ कल्लाप्पा, जरा हिकडं या की. त्या तिथं वर कुणाचं बांधकाम चालू हाय काय, बघा."